झिंक ऑक्साइडच्या फिल्मचा लूप आलाय, पण तो फिल्मचाच आहे कशावरून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिलिकॉनवर झिंक ऑक्साइडची २०० नॅनोमीटरची फिल्म, त्यात ५ टक्के कोबाल्ट, तुकडा ५ बाय ५ मिलिमीटरचा. रूम टेम्परेचरला व्हीएसएमवर (सॅम्पल हलवून त्याचं चुंबकत्व मोजणारं मशीन) लावला, खाली उतरणारी सरळ रेषा वजा केली आणि एस आकाराचा छान लूप (फील्ड वाढवत-कमी करत काढलेला चुंबकत्वाचा ग्राफ) मिळाला, सॅच्युरेशनला, म्हणजे चुंबकत्व वाढायचं थांबतं तिथे, १० मायक्रो-इएमयू (इएमयू हे मोमेंटचं, म्हणजे एकूण चुंबकत्वाचं एकक), कोअर्सिव्हिटी, म्हणजे ते शून्यावर आणायला लागणारं उलटं फील्ड, ८० ओर्स्टेड. गाइड म्हणतायत पेपर लिहायला घे. आणि जोडीला उपप्रश्न, की कोबाल्ट फेराइटच्या (कोबाल्ट-लोखंडाचं ऑक्साइड) पावडरचं सॅच्युरेशन पुस्तकात ८० इएमयू प्रति ग्रॅम दिलंय, माझं ३८ च येतंय, तर मशीन बिघडलंय का?

मशीन बहुतेक ठीक आहे. पेपर मात्र थांबव.

नाउमेद करायला म्हणत नाहीये. मी सोळा वर्षं व्हीएसएम चालवतेय, त्याआधी स्क्विडवर (सुपरकंडक्टिंग सेन्सरचं, आणखी संवेदनशील मशीन) होते, आणि हा असा लूप, १० मायक्रो-इएमयूच्या आसपास, कोअर्सिव्हिटी पन्नास ते शंभरच्या मधे, हा मी इतक्या वेळा पाहिलाय की ग्राफ लांबून दिसला तरी ओळखू येतो. त्यातले काही खरे होते, बरेचसे नव्हते, आणि नुसता लूप बघून दोघांत फरक करता येत नाही.

आधी मशीन काय करतं ते बघ. सायमन फोनरने १९५०च्या दशकात एमआयटीच्या लिंकन लॅबमधे हे बनवलं, आणि त्याच्या १९५९च्या पेपरमधली आकृती बघितलीस तर हसू येईल, वर लाउडस्पीकर, त्याला लावलेला शंकूसारखा कागदी कप आणि खाली कोल्ड्रिंकची स्ट्रॉ, तिच्या टोकाला सॅम्पल. लाउडस्पीकरने सॅम्पल वरखाली हलवायचं, शेजारच्या कॉइलमधे जे व्होल्टेज येतं ते मोजायचं. आजची लाखो रुपयांची मशीनं तत्त्वाने तीच आहेत. म्हणजे कॉइलला तुझी फिल्म दिसत नाही, त्या दांडीबरोबर जे जे हलतंय त्या सगळ्याचा मिळून मोमेंट दिसतो. फिल्म, सिलिकॉन, टेप, दांडीवरचे बोटांचे ठसे, सिलिकॉनच्या कडेला चिकटलेली धूळ, सगळं एकाच आकड्यात येतं. त्या आकड्याला फिल्मच्या वस्तुमानाने भागणारा तू आहेस, मशीन नाही.

आता वही घे आणि गणित कर, दहा मिनिटांचं काम आहे. ५ बाय ५ चा अर्ध्या मिलिमीटर जाडीचा सिलिकॉनचा तुकडा साधारण २९ मिलिग्रॅमचा होतो. सिलिकॉन डायामॅग्नेटिक, म्हणजे फील्डच्या उलट दिशेने किंचित चुंबकीय होणारं, त्याची ससेप्टिबिलिटी (फील्डला मिळणारा प्रतिसाद) ग्रॅममागे उणे ०.११ मायक्रो-इएमयू प्रति ओर्स्टेड, म्हणजे १० किलो-ओर्स्टेडला हा तुकडा एकटाच उणे ३२ मायक्रो-इएमयू देणार. फिल्मचं वस्तुमान किती? २८ मायक्रोग्रॅम. हजाराला एक. तू ३२ चा मोठा आकडा वजा करून १० चा उरलेला आकडा फिल्मच्या नावावर टाकतोयस. हे करू नये असं नाही, सगळेच करतात, पण मग त्या वजा केलेल्या रेषेचा स्लोप किती होता ते आधी बघायचं. दर किलो-ओर्स्टेडला उणे ३.२ च्या जवळपास यायला हवा. तसा आला तर सेंटरिंग आणि कॅलिब्रेशन दोन्ही बरं आहे अशी फुकटात खात्री मिळते. उणे २ आला तर सॅम्पल सॅडल पॉइंटवर (कॉइलच्या मधल्या अचूक जागेवर) नाही किंवा निकेलच्या गोळीने केलेलं कॅलिब्रेशन या चपट्या चौकोनी तुकड्याला लागू पडत नाहीये, किंवा आणखी काहीतरी पॅरामॅग्नेटिक (फील्डच्याच दिशेने किंचित चुंबकीय होणारं) आत बसलंय. तुझ्या प्रश्नात स्लोपच दिलेला नाही, आणि मला सगळ्यात आधी तोच बघायचाय.

पुढचं गणित मला जास्त आवडतं. १० मायक्रो-इएमयू म्हणजे लोखंड किती? लोखंडाचं सॅच्युरेशन २१८ इएमयू प्रति ग्रॅम. भागाकार केलास की ४६ नॅनोग्रॅम. एवढ्या लोखंडाचा एकच गोल कण केला तर त्याचा व्यास २२ मायक्रॉन भरतो, डोक्याच्या केसाच्या जाडीच्या तिसरा हिस्सा वगैरे. असा एक कण. एकच. तो तुझ्या तुकड्याच्या कडेला नाही हे तुला कसं माहीत?

आणि तो येतो कुठून म्हणशील तर पहिला संशयित तुझ्या हातातला चिमटा. स्टेनलेस स्टील मॅग्नेटिक नसतं असं आपण शाळेपासून ऐकतो, पण ३०४ ग्रेडचं स्टील वाकवलं, ठोकलं, घासलं की त्यात मार्टेन्साइट (स्टीलची वेगळी स्फटिकरचना) तयार होतं आणि ते व्यवस्थित फेरोमॅग्नेटिक, म्हणजे लोखंडासारखं चुंबकीय असतं. चिमट्याचं टोक तर घासलेलंच असतं. सिलिकॉन त्याच्यापेक्षा कितीतरी कडक, त्यामुळे कडेवर धरलं की सिलिकॉन स्टीलला खरवडतं, उलट नाही. हे मी मनचं सांगत नाहीये. २००४ मधे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गटाने हाफ्नियम ऑक्साइडच्या फिल्ममधे फेरोमॅग्नेटिझम दिसल्याचं छापलं, ज्यात एकही मॅग्नेटिक आयन नाही, मोठी खळबळ झाली. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या अब्राहम, फ्रँक आणि गुहा यांनी दाखवलं की स्वच्छ हाताळलेल्या हाफ्नियम ऑक्साइडमधे काही दिसत नाही, आणि तोच तुकडा स्टीलच्या चिमट्याने धरला की तसाच लूप येतो. झिंक ऑक्साइडचा सगळा उत्साह तर त्याच्याही आधीचा, २००० साली डिटल आणि मंडळींनी गणित करून सांगितलं की मँगनीज घातलेलं झिंक ऑक्साइड आणि गॅलियम नायट्राइड रूम टेम्परेचरच्या वर फेरोमॅग्नेटिक असू शकेल, आणि मग जगभर जो तो फिल्म बनवायला लागला. त्या काळातले अर्धेअधिक आकडे आज कुणी गंभीरपणे धरत नाही, असं माझं मत.

माझं स्वतःचं सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका लॅबमधे आम्ही महिनाभर एका सिरीजच्या फिल्म मोजल्या, सगळ्यांना लूप, सगळ्यांना साधारण सारखाच, आम्ही खूश. मग एक दिवस सहज, म्हणजे खरं तर सॅम्पल हरवलं होतं म्हणून, नुसती टेप लावलेली रिकामी स्ट्रॉ मोजली. लूप आला! आमची टेप दाढीच्या ब्लेडने लोखंडी टेबलावर कापली जायची आणि चिकट कड जे मिळेल ते उचलायची. महिन्याचा डेटा गेला. त्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे फिल्मची जाडी दुप्पट केली तरी मोमेंट तेवढाच राहतोय हे आम्हाला दिसलं होतं आणि आम्ही त्याला ‘सरफेस मॅग्नेटिझम’ असं भारदस्त नाव देऊन मोकळे झालो होतो.

तेव्हा तू आता काय करायचंस. पहिलं, रिकामी दांडी मोज, तीच सेटिंग, तीच टेप, टेपचा तेवढाच तुकडा. दुसरं, कोरा सिलिकॉन मोज, पण डब्यातून काढलेला नवा कोरा नाही, तर फिल्मच्या सॅम्पलने जे जे सोसलं ते सगळं सोसलेला कोरा. त्याच चेंबरमधे त्याच क्लिपखाली ठेवलेला, त्याच भट्टीत अनील केलेला (तापवून ठेवलेला), तसाच कापलेला, फक्त त्याच्यावर फिल्म नाही. मागच्या बाजूला सिल्व्हर पेस्ट लावून हीटरला चिकटवत असशील तर यालाही लाव, पेस्टमधे काय काय असतं देव जाणे. मार्करने मागे नंबर लिहू नकोस, काही शाया मॅग्नेटिक निघतात. चिमटा प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा घे, फार महाग नाही मिळत, आणि तो व्हीएसएमच्या ड्रॉवरमधे कुलपात ठेव नाहीतर दोन दिवसांत कुणीतरी त्याने नट उचलताना दिसेल.

यातली सगळ्यात उत्तम पद्धत लोक आळसामुळे करत नाहीत, ती म्हणजे फिल्म घालायच्या आधी तोच तुकडा मोजायचा आणि घातल्यावर पुन्हा तोच मोजायचा. मग वजाबाकी कुठल्या तरी भावंडाची नाही, त्याचीच होते. उलट दिशेनेही करता येतं, झिंक ऑक्साइड पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमधे भराभर विरघळतं, फिल्म काढून टाकून तुकडा पुन्हा मोजायचा. पण इथे एक खोच आहे, ॲसिड लोखंडाचे कणही घेऊन जातं. त्यामुळे ॲसिडनंतरही लूप राहिला तर तो फिल्मचा नक्की नव्हता, पण गेला तर तो फिल्मचाच होता असं सिद्ध होत नाही. हे दुसरं वाक्य लोक विसरतात.

जाडीची सिरीज कर, १००, २००, ४००. मोमेंट जाडीबरोबर वाढला पाहिजे. तुकड्याच्या आकाराबरोबरही वाढला पाहिजे. मोठा तुकडा मोजून मग त्याचेच चार तुकडे करून प्रत्येक मोजलास आणि सगळा मोमेंट एकाच तुकड्यात सापडला तर तुला तुझा तो २२ मायक्रॉनवाला पाहुणा सापडला.

कोअर्सिव्हिटीबद्दल. ८० ओर्स्टेड हा आकडा तू कुठून वाचलास? फील्डच्या पायऱ्या २०० ओर्स्टेडच्या असतील तर शून्याजवळ तुझ्याकडे पॉइंटच नाहीत, सॉफ्टवेअरने दोन पॉइंट जोडले आणि रेषेने अक्ष जिथे कापला तो आकडा तुला मिळाला. शिवाय लॉक-इनचा (सिग्नल गाळून मोजणारा ॲम्प्लिफायर) टाइम कॉन्स्टंट, म्हणजे तो साधारण किती वेळाची सरासरी घेतो, ते बघ. फील्ड सेकंदाला ८० ओर्स्टेडने पळतंय आणि टाइम कॉन्स्टंट १ सेकंद आहे, तर सिग्नल एक सेकंदाने मागे राहतो, जाताना एका बाजूला येताना दुसऱ्या बाजूला, आणि मुळात बंद असलेला लूप अगदी ८० ओर्स्टेडने उघडा दिसतो. स्पीड निम्मा करून बघ, कोअर्सिव्हिटी निम्मी झाली तर विषय संपला. लूप एका बाजूला दहा-पंधरा ओर्स्टेडने सरकलेला असेल तर त्याला एक्स्चेंज बायस (शेजारच्या चुंबकीय थरामुळे लूप सरकणं) म्हणायच्या आधी गॉसमीटरचा प्रोब झिरो-गॉस चेंबरमधे घालून शून्य कर. मी हे एका व्हायव्हामधे विचारलं होतं, उमेदवार बिचारा गप्प झाला, मलाच वाईट वाटलं.

समजा या सगळ्यातून तुझा लूप तरला, मोमेंट खरंच फिल्ममधे आहे. तरी तो झिंक ऑक्साइडचा आहे हे अजून ठरलेलं नाही. तुझ्या फिल्ममधे कोबाल्ट आहे साधारण १ मायक्रोग्रॅम. तो सगळा धातू होऊन बसला असता तर १६० मायक्रो-इएमयूच्या आसपास मिळाले असते. तुला १० मिळालेत, म्हणजे फक्त ६ टक्के कोबाल्ट धातूच्या बारीक गुठळ्या होऊन बसला तरी तुझा पूर्ण सिग्नल तयार. फिल्मच्या वजनाच्या ०.२ टक्के. साध्या एक्सआरडीला (एक्स-रेने स्फटिक ओळखायची चाचणी) हे दिसणार नाही, ‘सेकंडरी फेज आढळली नाही’ हे वाक्य पेपरात लिहिता येईल पण त्याला अर्थ नाही. व्हॅक्यूममधे अनील केलं असेल तर हा संशय आणखी घट्ट, कारण तिथे ऑक्सिजन कमी आणि कोबाल्ट रिड्यूस व्हायला सोपा.

म्हणून स्क्विडवर वेळ मिळव आणि टेम्परेचर खाली ने. झिंकच्या जागी नीट बसलेला कोबाल्ट पॅरामॅग्नेटिक असतो, ३०० केल्विनला १० किलो-ओर्स्टेडमधे तो जेमतेम १ मायक्रो-इएमयूच्या आसपास देतो, पण ५ केल्विनला त्याच्या जवळजवळ साठपट. तो भाग मोजला की किती कोबाल्ट खरंच विखुरलेला आहे हे कळतं आणि उरलेला कुठे गेला असा प्रश्न विचारता येतो. झेडएफसी आणि एफसी (फील्डशिवाय आणि फील्डमधे थंड करून घेतलेले ग्राफ) वेगळे होऊन एखादा ब्लॉकिंगसारखा, म्हणजे बारीक कणांचे मोमेंट गोठल्यासारखा उंचवटा दिसला तर बारीक गुठळ्या आहेत असं समज. आणि लूप ५ केल्विनपासून ३०० पर्यंत जवळजवळ बदललाच नाही, ना उंची ना कोअर्सिव्हिटी, तर मला पुन्हा चिमटा आठवणार.

स्क्विडचे स्वतःचे नखरे आहेत. तिथे फील्ड मोजलेलं नसतं, मॅग्नेटच्या करंटवरून काढलेलं असतं, आणि सुपरकंडक्टिंग मॅग्नेट ७ टेस्लापर्यंत नेऊन आणला की त्यात वीस-तीस ओर्स्टेड अडकून राहतात, तेही उलट्या दिशेने. त्यामुळे स्क्रीनवर शून्य दिसतं तेव्हा सॅम्पलवर शून्य नसतं. बारीक लूप कधी कधी उलटा फिरताना दिसतो तो यामुळे. पॅलेडियमचा तुकडा त्याच सीक्वेन्सने मोज, तो फक्त पॅरामॅग्नेटिक आहे, त्याच्यात जेवढी ‘कोअर्सिव्हिटी’ येईल तेवढी चूक फील्डची. ५० केल्विनच्या आसपास टोक दिसलं तर नाचू नकोस, चेंबरमधे हवा गेली आणि ऑक्सिजन गोठला, पुन्हा पंप करून हेलियमने धुवून घे. स्ट्रॉ मात्र पूर्ण लांबीची, मधे न कापलेली घे. कॉइल अशा गुंडाळलेल्या असतात की लांबच लांब एकसारखी वस्तू त्यांना दिसतच नाही, पण स्ट्रॉला मधे भोक पाडलंस तर ते भोक दिसतं, आणि डायामॅग्नेटिक स्ट्रॉमधलं भोक पॅरामॅग्नेटिक सॅम्पलसारखं दिसतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार गंमत वाटली होती, नसलेल्या वस्तूचा मोमेंट.

आता फेराइट. हा प्रश्न सोपा आहे. सायट्रिक ॲसिड घालून ऑटो-कंबशनने केलेली पावडर असणार, आपल्याकडे कोल्हापूर-मराठवाड्याच्या बाजूला फेराइटवाल्यांची ही घरची भाजी-भाकरी. ८० हा आकडा मोठ्या दाण्याच्या कोबाल्ट फेराइटचा, तुझे दाणे १५-२० नॅनोमीटरचे असतील तर पृष्ठभागावरचे स्पिन वाकडे असतात, ५०-६० येणं अगदी नॉर्मल. उरलेली घट बहुतेक वेळा वजनात लपलेली असते. भट्टीतून नीट न जळालेलं सायट्रेट, ओलावा, किंवा ओलेइक ॲसिडचं कोटिंग असेल तर तू वजन केलेल्या ५ मिलिग्रॅममधे फेराइट ४ च असेल, टीजीए (तापवत वजन किती घटतं ते मोजणं) कर म्हणजे कळेल. चार दशांश स्थळांचा तराजू असेल तर ५ मिलिग्रॅमवर २ टक्के चूक तिथेच. एक्सआरडीत हेमटाइटच्या (साधं लोह ऑक्साइड) बारीक रेषा आहेत का तेही बघ, तो वजनात मोजला जातो आणि मोमेंटमधे जवळजवळ नाही.

शिवाय तू १० किलो-ओर्स्टेडपर्यंतच गेलायस. कोबाल्ट फेराइटची ॲनिसोट्रॉपी (ठरावीक दिशेलाच चिकटून राहायचा हट्ट) इतकी मोठी की तिथे ते सॅच्युरेट होतच नाही, तुझी रेषा शेवटच्या पॉइंटलाही वर चढतेय का बघ. चढत असेल तर तो सॅच्युरेशनचा आकडा नाही, फक्त ‘१० किलो-ओर्स्टेडचं मॅग्नेटायझेशन’ आहे, आणि कोअर्सिव्हिटीही मायनर लूपची, म्हणजे सॅच्युरेट न होताच परत फिरलेल्या लूपची. पावडर सुटी भरू नकोस, दाणे फील्डमधे फिरून उभे राहतात आणि लूप भलताच चौकोनी किंवा मधेच उडी मारलेला येतो. कॅप्सूलमधे दाबून टेफ्लॉन टेपने गच्च कर किंवा पॅराफिनमधे बसव. आणि मोजायच्या आधी निकेल लावून ५५ इएमयू प्रति ग्रॅम येतंय एवढं बघून घे, मग मशीनवर शंका घ्यायची गरज राहत नाही. मोमेंट बोर मॅग्नेटॉनमधे (अणूच्या पातळीवरचं मोमेंटचं एकक) काढताना मॉलिक्युलर वेट गुणिले इएमयू प्रति ग्रॅम भागिले ५५८५, कोबाल्ट फेराइटला ८० वरून ३.३६ येतात, तुझ्या ३८ वरून १.६. हा १.६ थेट ए साइट बी साइटच्या (स्फटिकातल्या धातूंच्या दोन प्रकारच्या जागा) वाटणीला जोडून कॅटायन डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे कुठला धातू कुठल्या जागी किती, ते काढलेलं मी प्रबंधांमधे खूप बघते. ओलावा धरून काढलेलं कॅटायन डिस्ट्रिब्यूशन असतं ते.

पर्मिएबिलिटी (पदार्थ चुंबकीय रेषा किती सहज जाऊ देतो ते) हवी असेल तर व्हीएसएमवर पेलेट (पावडर दाबून केलेली गोळी) ठेवून काढू नकोस, डिमॅग्नेटायझिंग फील्ड, म्हणजे सॅम्पलच्या टोकांमुळे आत तयार होणारं उलटं फील्ड, सगळं खाऊन टाकतं. गोल पेलेटऐवजी रिंग दाबून घे, तार गुंडाळ आणि एलसीआर मीटरवर (कॉइलचं इंडक्टन्स मोजणारं) मोज.

पुढच्या वेळी लिहिशील तेव्हा वजाबाकी केलेला ग्राफ नको, कच्ची फाइल पाठव. तीन फायली: रिकामी दांडी, सगळं सोसलेला कोरा सिलिकॉन, आणि फिल्म. तिन्हींची फील्ड रेंज सारखी, स्वीप स्पीड आणि टाइम कॉन्स्टंट लिहिलेला, आणि तुकडा कशाने कापला, कशाने धरला तेही. फिल्मच्या फाइलमधे शून्याच्या दोन्ही बाजूंना ५०० ओर्स्टेडपर्यंत २० च्या पायऱ्या घे, वेळ लागेल, रात्री लावून घरी जा.